वापरात नसलेली ॲप्स आपोआप थांबवताना: कॉलेजच्या सर्व्हरवरचा अनुभव

नागपुरात हिंगणा रोडच्या बाजूला एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी शिकवते, आणि विभागाचा सर्व्हरही माझ्याकडेच आहे. विद्यार्थ्यांचे प्रोजेक्ट, बाहेरच्या संस्थांसाठी मुलांनी करून दिलेली ॲप्स, विभागाचं हजेरीचं पोर्टल, असं सगळं भाड्याच्या एकाच मशीनवर चालतं. मेमरी आठ जीबी, भाडं महिन्याला 48 डॉलर आणि वर 18 टक्के जीएसटी. कुणीही वापरत नसलेली ॲप्स ठरावीक काळानंतर आपोआप थांबतील आणि गरज पडली की परत सुरू होतील, अशी व्यवस्था आम्ही 2025च्या जून ते सप्टेंबरमध्ये बसवली. हे काम हाती घेतलं तेव्हा तयार स्क्रिप्ट भरपूर सापडल्या. पण थांबवण्याआधी कोणाला विचारायचं, कागद कोणते लागतात, कुठे फसायला होतं, हे सलग कुठे वाचायला मिळालं नाही. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, परीक्षांची धामधूम चालू असताना हजेरीचं पोर्टल बंद पडलं. कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या, लॉगमध्ये (नोंदींच्या फाइलीत) सरळ लिहिलेलं होतं: मेमरी संपली, अमुक प्रोसेस मारली. मारलेली प्रोसेस होती मायएसक्यूएल. मेमरी संपली की कर्नल साधारणपणे जास्तीत जास्त मेमरी खाणाऱ्याला उचलतो, आणि आमच्याकडे तो डेटाबेस होता. पाच-सहा ॲप्स त्याच डेटाबेसवर होती, ती सगळी एकदम गेली. सुरू केलं, दुसऱ्या दिवशी दुपारी परत तेच. फोन सारखा वाजत होता आणि तोपर्यंत मला एवढंच सांगता येत होतं की बघते आहे.

सगळ्या कंटेनरची (प्रत्येक ॲप ज्यात वेगळं चालतं त्या डॉकरच्या डब्यांची) मेमरी एका खाली एक काढली तेव्हा चित्र दिसलं. चाळीसच्या वर कंटेनर. नोडवर (जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) चालणारं एकेक ॲप काही न करता शंभर-सव्वाशे एमबी धरून बसलेलं. जावातल्या स्प्रिंग बूटची दोन ॲप्स जवळपास अर्धा-अर्धा जीबी. त्यांतली कित्येक 2021-22च्या मुलांची, म्हणजे मुलं नोकरीला लागली, ॲप इथेच राहिलं. आणखी एक गोष्ट त्या यादीत होती, ती मला मेमरीपेक्षा जास्त लागली. बरीच ॲप्स नोड 16 वर होती, आणि त्या आवृत्तीला सप्टेंबर 2023 मध्येच दुरुस्त्या मिळणं थांबलं आहे. कुणी बघत नाही असं लॉगिनचं पान, आत लोकांची नावं आणि फोन नंबर, आणि खाली दुरुस्ती बंद झालेलं सॉफ्टवेअर. हे असंच चालू ठेवणं मला पटण्यासारखं नव्हतं.

तरी पहिला अर्ज मी मोठ्या मशीनसाठीच केला. सोळा जीबीला 96 डॉलर, म्हणजे बरोबर दुप्पट. नोटशीट विभागप्रमुखांच्या सहीने लेखा विभागात गेली आणि तिथून प्रश्न घेऊन परत आली: तीन कोटेशन जोडा, वर्षाच्या मध्ये वाढीव खर्च कोणत्या शीर्षाखाली, डॉलरमध्ये पैसे देण्याचं कारण वेगळं लिहा. मी समजावायला गेले तेव्हा तिथल्या मोठ्या बाबूंनी यादीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "मॅडम, यातले कामाचे किती अन् नुसते पडून किती, हे कुठे लिहिलं आहे?" प्रश्न रास्त होता. विभागप्रमुखही म्हणाले, आधी आकडे आणा, मग बोलू.

ॲप शेवटचं कधी वापरलं गेलं हे एनजिनएक्सच्या (येणारी विनंती त्या त्या ॲपकडे पोचवणाऱ्या वेब सर्व्हरच्या) ॲक्सेस लॉगमधून काढायचं, एवढं सोपं वाटतं. पहिली अडचण अशी की उबंटूवर (आमच्या सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर) हे लॉग रोज बदलतात आणि जुन्या चौदाच फायली ठेवल्या जातात. म्हणजे पंधरा-वीस दिवसांपूर्वी कोण येऊन गेलं हे सर्व्हरला सांगताच येत नाही. 7 जुलैला आम्ही ही मर्यादा चौदावरून नव्वदवर नेली आणि मग थांबण्यापलीकडे काही हातात नव्हतं. तुम्हाला हे काम पुढेमागे करायचं असेल तर आज फक्त एवढं करून ठेवा. बाकीचं सवडीने करता येतं, पण गेलेले लॉग परत मिळत नाहीत. फायली कॉम्प्रेस करून ठेवल्या तर डिस्कवर फारसा भार येत नाही.

दुसरी अडचण जास्त खोल निघाली. लॉगमध्ये एकही ॲप निष्क्रिय दिसत नव्हतं. ज्या ॲपचं नाव त्याच्या गाइडलाही आठवत नव्हतं, त्याच्यावर रोज शेकड्यांनी भेटी. आमचंच निगराणीचं साधन दर पाच मिनिटांनी प्रत्येक ॲपला हाक मारत होतं, म्हणजे दिवसाला 288 भेटी तिथेच झाल्या. वर शोधयंत्रांचे बॉट. वर जगभरातून वर्डप्रेसचं लॉगिन शोधत फिरणारे, जिथे वर्डप्रेस कधी नव्हतंच. फाइल शेवटची कधी बदलली एवढंच बघणारी स्क्रिप्ट लावली असती तर तिने वर्षानुवर्षं काहीही थांबवलं नसतं.

म्हणून खरी भेट कोणती ते ठरवावं लागलं. निगराणीचा पत्ता वगळला. स्वतःला बॉट म्हणवणारे वगळले. 404 (पान सापडलं नाही) मिळालेल्या विनंत्या आणि वेबसाइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राच्या तपासणीसाठी येणाऱ्या विनंत्या वगळल्या. चित्रं, फॉन्ट असल्या फायली मोजायच्या नाहीत. उरलेल्यांत ज्या पानाने नीट उत्तर दिलं ती भेट खरी, आणि यशस्वी लॉगिन किंवा फॉर्म भरलेला असेल तर निःसंशय खरी. रोज रात्री एक जॉब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारी स्क्रिप्ट, लॉग वाचतो आणि प्रत्येक ॲपसमोर शेवटच्या खऱ्या भेटीची तारीख एका छोट्या फाइलीत लिहून ठेवतो. लॉग पुढे पुसले गेले तरी ती तारीख राहते.

एवढं करूनही लॉगला न दिसणारी कामं असतात. मुलांनी केलेला एक टेलिग्राम बॉट स्वतःहून टेलिग्रामकडे निरोप विचारत राहतो, त्याच्याकडे बाहेरून कुणी येतच नाही. लॉगनुसार तो केव्हाचाच मेलेला, प्रत्यक्षात प्रयोगशाळेच्या वेळापत्रकाचे निरोप रोज त्याच्यावरून जातात. वेबसॉकेटचंही, म्हणजे पान आणि सर्व्हर यांच्यातल्या सतत उघड्या जोडणीचंही, तसंच: जोडणी सुटल्यावरच तिची ओळ लॉगमध्ये पडते, त्यामुळे तासन्तास उघडं असलेलं पान चालू असताना दिसत नाही. अशा ॲप्ससाठी "कधीच थांबवू नये" अशी साध्या मजकुराची यादी ठेवली. ती कंटेनरच्या लेबलमध्ये ठेवता येते, पण लेबल बदलायचं तर कंटेनर नव्याने बनवावा लागतो. मजकुराची फाइल कुणालाही उघडून वाचता येते, हे मला जास्त महत्त्वाचं वाटलं.

लॉग साठत होते तोवर कागदाचं काम केलं. यात मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त वेळ गेला, आणि तो जायला हवाच होता असं आता वाटतं. 4 ऑगस्टला विभागाचं परिपत्रक निघालं: पंचेचाळीस दिवस खरा वापर नसलेलं ॲप, दोन सूचना दिल्यानंतर, तात्पुरतं स्थगित होईल. डेटा पुसला जाणार नाही. हरकत पंधरा दिवसांत. परिपत्रक ईमेलने पाठवलं तर निम्म्याहून जास्त पत्ते परत आले, कारण मुलं पास होऊन गेली की कॉलेजचा ईमेल बंद होतो. म्हणजे ज्यांची ॲप्स थांबवायची, नेमके त्यांनाच कळणार नव्हतं. मग प्रत्येक ॲप त्याच्या प्रोजेक्ट गाइडच्या नावावर लावलं. गाइड सोडून गेले असतील तिथे विभागप्रमुखांच्या नावावर. आमचे लॅबमधले भाऊ आणि मी एकेक ॲप उघडून, जुन्या प्रोजेक्ट अहवालांतून नावं काढत बसलो. ब्लॅक बुकांच्या त्या गठ्ठ्यांचा इतका उपयोग होईल असं कुणाला वाटलं नव्हतं.

गाइडांसाठी एक पानी फॉर्म केला. ॲपचं नाव, सध्या कोण वापरतं, बाहेरची संस्था जोडलेली आहे का, बाहेरून काही आपोआप येतं का, जसं की पैसे भरल्याची पावती, आणि वर्षातल्या कोणत्या महिन्यांत लागतं. शेवटचा रकाना भाऊंनी सुचवला आणि सगळ्यात कामाचा तोच ठरला. फॉर्म भरून घ्यायला मी स्टाफरूममध्ये स्वतः फिरले. ईमेलवर उत्तर येईना, समोर बसलं की पाच मिनिटांत मिळे. एका मॅडमनी फॉर्म हातात घेऊन विचारलं, "नॅकची टीम आली तर हे सगळं चालू दिसायला पाहिजे न?" नॅक म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था. त्यामुळे तिच्या भेटीच्या आठवड्यात सगळी ॲप्स सुरू राहतील असं कलम आलं. मला ते योग्य वाटलं. मुलांचं काम दाखवण्यासाठीच तर तो सर्व्हर आहे.

पोळ्याच्या सुमाराला, 22 ऑगस्टच्या आसपास, पंचेचाळीस दिवसांचे लॉग हातात आले आणि जॉब कोरडा चालवायला सुरुवात केली. म्हणजे स्क्रिप्ट सगळं ठरवते, पण थांबवत काही नाही, फक्त यादी छापते. पहिल्याच यादीत काटोलकडच्या संत्रा उत्पादकांच्या गटाचं ॲप होतं. बागेची नोंद, तोडणीचा दिवस, गाडी, वजन असं त्यात लिहितात. एवढ्या दिवसांत एकही खरी भेट नाही. गाइड सरांनी गटप्रमुखांचा नंबर लावून दिला. ते म्हणाले, "मॅडम, आता झाडावर माल हिरवा आहे, आता काय लिहू त्यात? दसऱ्यानंतर लागते ते. आंबिया निघाला का रोज लागते." आंबिया हा संत्र्याचा एक बहार, त्यानंतर मृग बहाराचा माल फेब्रुवारी-मार्चला. आमच्या पंचेचाळीस दिवसांच्या नियमाला हे ॲप मृत वाटत होतं आणि बागायतदारांच्या वर्षात ते अगदी वेळेवर होतं.

त्या फोननंतर मी नियमाकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले. थांबवण्याच्या तारखेइतकीच सुरू करण्याची तारीखही नोंदलेली हवी. म्हणून यादीत आणखी एक रकाना आला: केव्हा उठवायचं. आमच्या संत्र्याच्या ॲपपुढे 25 सप्टेंबर लिहिलं, दसऱ्याच्या आधी आठवडाभर. एका संस्थेच्या उन्हाळी शिबिराच्या नोंदणीपुढे 15 मार्च. रोज सकाळी एक जॉब ही फाइल वाचतो आणि त्या दिवशीचं ॲप सुरू करून गाइडला कळवतो. कुणाला आठवण ठेवावी लागत नाही.

आता प्रत्यक्ष थांबवण्याबद्दल. डॉकरमध्ये कंटेनर गोठवण्याचीही सोय आहे, पण गोठवल्याने प्रोसेसर मोकळा होतो, मेमरी तशीच अडकून राहते. आमचा प्रश्न मेमरीचा, त्यामुळे थांबवणंच भाग होतं. थांबवताना डॉकर आधी सभ्यपणे बंद होण्याचा इशारा देतो आणि दहा सेकंदांनी जबरदस्तीने मारतो. एनपीएममार्फत (नोडसोबतच्या साधनातून) सुरू केलेली पुष्कळ ॲप्स तो इशारा ऐकतच नाहीत. म्हणून आधी त्या ॲपच्या डेटाबेसची प्रत काढायची, ती रिकामी नाही हे बघायचं, मगच थांबवायचं. डेटाबेसच्या कंटेनरला दहाऐवजी साठ सेकंद दिले. आणि पुन्हा सुरू होण्याचं धोरण तपासा: ते "ऑलवेज" असेल तर हाताने थांबवलेला कंटेनरही सर्व्हर रीस्टार्ट झाला की उठून बसतो. "अनलेस स्टॉप्ड" केलं की थांबवलेला थांबलेलाच राहतो. आमच्याकडे जवळजवळ सगळीकडे पहिलं धोरण होतं.

एनजिनएक्स मात्र थांबवायचं नाही. थांबलेल्या ॲपच्या जागी तेच एक पान दाखवतं: हे ॲप सध्या स्थगित आहे, डेटा सुरक्षित आहे, सुरू करण्यासाठी खालचं बटण दाबा. हे पान 503 या कोडने जातं, म्हणजे सेवा तात्पुरती बंद. स्थगितीची खूणफाइल असेल तरच ते दिसतं. नाहीतर खरोखर कोसळलेलं ॲपही स्थगित आहे असंच लोकांना वाटेल आणि बिघाड झाकला जाईल. एनजिनएक्स चालू असल्यामुळे थांबलेल्या ॲप्सची लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेची प्रमाणपत्रंही वेळेवर नवी होत राहतात. ती नव्वद दिवसांची असतात आणि मुदत संपत आल्याचे ईमेल त्यांनी जून 2025 पासून बंद केले आहेत, तेव्हा यावर आपलंच लक्ष हवं. तुमचं एनजिनएक्स कंटेनरमध्ये असेल आणि ॲप्स त्याला नावाने जोडलेली असतील तर आणखी जपा. एखादं ॲप थांबलं, नाव सापडलं नाही, की एनजिनएक्सची पुढची सुरुवातच अडते आणि मग चालू ॲप्सही दिसत नाहीत. आमचं स्थानिक पोर्टने जोडलेलं होतं, म्हणून तो त्रास झाला नाही.

सुरू करण्याच्या बटणावर आम्ही बराच विचार केला. वेबपानाला डॉकर चालवण्याचा अधिकार द्यायचा म्हणजे सर्व्हरची रूटची, म्हणजे सर्वाधिकाराची, किल्लीच बाहेरच्या दाराला टांगायची. त्यामुळे बटण दाबल्यावर एका फोल्डरमध्ये फक्त ॲपच्या नावाची रिकामी फाइल पडते. दर मिनिटाला धावणारा जॉब ते फोल्डर बघतो, नाव आपल्या यादीत आहे का ते ताडतो आणि असेल तरच कंटेनर सुरू करतो. लोकांना दीड-दोन मिनिटं थांबावं लागतं, तसं पानावरच लिहिलं आहे. बटण फॉर्मचं ठेवलंय, साधी लिंक नाही, कारण लिंकवरून बॉट चालत जातात.

क्रॉनबद्दल, म्हणजे ठरल्या वेळी जॉब चालवणाऱ्या सोयीबद्दल, थोडं, कारण नवख्या माणसाचे तास इथेच जातात. क्रॉनमध्ये पाथ (आज्ञा कुठे शोधायच्या त्या फोल्डरांची यादी) अगदी तुटपुंजा असतो, म्हणून प्रत्येक आज्ञा पूर्ण पत्त्याने लिहा. टक्क्याचं चिन्ह क्रॉनटॅबमध्ये (क्रॉनच्या वेळापत्रकाच्या फाइलीत) नवी ओळ समजलं जातं, त्यामुळे तारखेचा साचा तिथे न लिहिता स्क्रिप्टमध्ये लिहा. क्रॉनच्या सामायिक फोल्डरमध्ये फाइलीच्या नावात टिंब असेल तर उबंटूचा क्रॉन ती मुकाट्याने सोडून देतो. आधीचा जॉब संपायच्या आत पुढचा सुरू होऊ नये म्हणून फ्लॉक या आज्ञेने कुलूप लावा. आणि सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असेल तर साडेपाच तासांचा हिशेब ठेवा. आमची ओळ 0 5 * * 2-4 अशी आहे, म्हणजे मंगळवार ते गुरुवार, आपल्याकडे सकाळी साडेदहा.

साडेदहाची वेळ मुद्दाम घेतली. असली कामं रात्री लावायची पद्धत आहे, पण रात्री अडीच वाजता चुकीचं ॲप थांबलं तर सकाळपर्यंत कुणाला कळत नाही. साडेदहाला भाऊ लॅबमध्ये असतात, मी असते, गाइड असतात. शुक्रवारी काही थांबवायचं नाही, सुटीच्या आदल्या दिवशीही नाही. यासोबत एक अडसर घातला, तो मी सगळ्यांना आग्रहाने सांगते: एका फेरीत पाचपेक्षा जास्त ॲप्स थांबवायची वेळ आली तर स्क्रिप्टने काहीच न करता आम्हाला कळवायचं. उद्या लॉगची जागा बदलली किंवा फाइल रिकामी आली, तर स्क्रिप्टच्या दृष्टीने सगळीच ॲप्स निष्क्रिय असतील.

9 सप्टेंबरला, मंगळवारी, पहिल्यांदा खरोखर चालवलं. पहिल्या पाच ॲप्सच्या सूचनांच्या दोन्ही ईमेल आधीच गेल्या होत्या. साडेदहाला मी आणि भाऊ एकाच स्क्रीनसमोर. छातीत धडधड होती, खोटं कशाला सांगू. एकामागून एक पाच नावं आली: प्रत काढली, आकार तपासला, थांबवलं, पान दिसतंय. पाचव्यानंतर स्क्रिप्ट संपली. फोन वाजला नाही. पुढच्या दोन आठवड्यांत यादी हळूहळू पुढे सरकली आणि महिनाअखेर वीसच्या वर ॲप्स स्थगित होती. मोकळी मेमरी पूर्वी काहीशे एमबीवर लोंबकळत असायची, ती तीन जीबीच्या जवळ स्थिरावली. डेटाबेस त्यानंतर मारला गेलेला नाही.

बटण दाबून परत सुरू झालेली ॲप्स थोडीच आहेत. एक ग्रंथालयाची जुनी सूची, आणि एक पुण्यात नोकरीला असलेल्या आमच्या विद्यार्थिनीचं. तिने मुलाखतीत दाखवायला दुवा दिला होता, पान बघून तिने मला लिहिलं आणि शेवटी कोड आणि डेटा दोन्ही उतरवून घेतलं. तिच्या ॲपवर तीन वर्षांपूर्वीच्या सर्वेक्षणातल्या लोकांचे नंबर होते. ते तिने स्वतःहून पुसायला सांगितले. यासाठी तरी ही सगळी खटपट करावी असं मला मनापासून वाटतं.

संत्र्याचं ॲप 25 सप्टेंबरला सकाळी आपोआप सुरू झालं. मी स्वतः उघडून पाहिलं आणि गटप्रमुखांना कळवलं. पहिली नोंद दसऱ्यानंतर चार दिवसांनी आली.

खर्च म्हणाल तर बिल होतं तेवढंच आहे, सोळा जीबीची नोटशीट आम्ही मागे घेतली. नवा खर्च फक्त डेटाबेसच्या प्रती दुसरीकडे ठेवण्याच्या जागेचा, तो किरकोळ खर्चात बसला. वेळ धरायचा तर तीन महिने धरा, त्यात स्क्रिप्ट लिहिण्याचा वाटा सगळ्यात लहान.

एक गोष्ट अजून व्हायची आहे. वर्षभर स्थगित राहिलेल्या ॲप्सचं काय करायचं, डेटा किती दिवस ठेवायचा आणि तो पुसण्याचा अधिकार कोणाचा, याची वेगळी नोटशीट केली आहे. ती विभागप्रमुखांच्या सहीने प्राचार्यांकडे गेली आहे. मंजुरी येईपर्यंत स्क्रिप्टमध्ये पुसण्याची एकही ओळ लिहायची नाही, असं भाऊंचं आणि माझं ठरलं आहे.